६१७ अंक आणि एक प्रश्नचिन्ह

लालबागच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानात ई-आधारची प्रिंट काढायला गेलं की माणसाचं वय गुप्त राहत नाही. फाइल उघडायला पासवर्ड लागतो. दुकानातला मुलगा मान वर न करता विचारतो, ‘काका, नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल?’ आपण सांगतो. मागचे सहा जण ऐकतात. फाइल उघडते आणि जिथे सही असायला हवी तिथे एक मोठं पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. शेजारी इंग्रजीत लिहिलेलं असतं की सहीची वैधता अज्ञात आहे.

‘हे काय?’ मी विचारलं.

‘ते तसंच येतं काका. कोणी बघत नाही.’

पोराचं म्हणणं खरं होतं. सोसायटीचा सेक्रेटरी, बँकेतला क्लार्क, शाळेच्या ऑफिसातल्या बाई, यांपैकी कुणीही आजवर त्या चिन्हाकडे बोट दाखवून माझा कागद परत केलेला नाही. मी मात्र तिथे अडकलो. कारण त्या प्रश्नचिन्हामागे दोन गोष्टी उभ्या असतात. एक आहे संख्या, इतकी अचाट की विश्वातले अणू तिच्यापुढे चिल्लर ठरावेत. दुसरी आहे यादी, जी दोन-चार पानांत संपते. संख्येची महती आपण सारखी ऐकतो. यादीचं नाव कुणी काढत नाही, आणि मोठे घोटाळे झाले ते बहुतेक यादीपाशी झाले.

आधी संख्या बघू. शाळेत आपण अवयव पाडायला शिकतो. १५ चे अवयव ३ आणि ५. ३२३ चे? इथे थोडं थांबावं लागतं. उलट १७ गुणिले १९ किती, हे पाढे पाठ असलेला लालबागचा जुना वाणी पुडी बांधता बांधता सांगेल. गुणणं सोपं, फोडणं अवघड. १९७७ साली अमेरिकेतल्या एमआयटीत रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी या साध्या गोष्टीचं कुलूप केलं. दोन प्रचंड मूळ संख्या निवडायच्या आणि त्या जन्मात कुणाला सांगायच्या नाहीत. त्यांचा गुणाकार मात्र चव्हाट्यावर टांगायचा. ज्याच्यापाशी त्या दोन संख्या आहेत त्यालाच सही करता येते. ज्याच्यापाशी नुसता गुणाकार आहे त्याला सही खरी की खोटी एवढंच तपासता येतं.

आज सर्रास वापरात असलेला हा गुणाकार दशमान पद्धतीत लिहिला तर ६१७ अंकी होतो. ऐकायला फार वाटत नाही. शाळेच्या वहीत एका ओळीत ३० अंक लिहिले तर एकविसाव्या ओळीत संपतो. वहीचं एक पान पुरतं.

आता त्या पानाची किंमत बघा. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकं, दहं, शतं करत १८ स्थानं दिली आणि ते परार्धापाशी थांबले. परार्ध म्हणजे एकावर १७ शून्यं. आपल्या पूर्वजांना व्यवहारासाठी याहून मोठं काही लागलं नाही. असे ३६ परार्ध घेऊन एकमेकांना गुणत गेलात, तरी येणारी संख्या ६१३ अंकी. आणखी चार अंक कमीच.

समजा, एखाद्याने ठरवलं की आपण एकेक मूळ संख्या घेऊन भाग लावून बघू. कुलपासाठी वापरता येतील अशा, म्हणजे ६१७ अंकी गुणाकाराच्या निम्म्या लांबीच्या मूळ संख्या आहेत तरी किती? त्यांची मोजदाद करणारी संख्याच ३०६ अंकी आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबईत १ कोटी २४ लाख माणसं होती. त्या प्रत्येकाला, कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत तान्ह्या पोरासकट, एकेक यंत्र द्या. प्रत्येक यंत्राने सेकंदाला एक लाख कोटी मूळ संख्या तपासायच्या. काम विश्वाच्या जन्मापासून, म्हणजे १,३८० कोटी वर्षांपूर्वीपासून, एकही सुट्टी न घेता चालू आहे असं माना. आजपर्यंत तपासून झालेल्या संख्यांचा आकडा ३७ अंकी भरेल. ३०६ अंकी संख्येतून ३७ अंकी संख्या वजा केली तर डावीकडचे अडीचशेहून जास्त अंक जागचे हलत नाहीत. बेरीज-वजाबाकीच्या हिशेबात काम सुरूच झालेलं नाही.

पण अशा भाकितांवर फार विसंबू नये. १९७७ मध्येच ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये मार्टिन गार्डनरने या तिघांचं एक आव्हान छापलं होतं. १२९ अंकी संख्या दिली होती, तिचे अवयव पाडा आणि १०० डॉलर न्या. लागणारा वेळ वर्तवला होता ४० हजार लाख कोटी वर्षं, म्हणजे भास्कराचार्यांच्या गणतीत चार मध्य. प्रत्यक्षात १९९४ साली, जगभरच्या सुमारे ६०० स्वयंसेवकांनी इंटरनेटवरून कामाची वाटणी करून ती संख्या फोडली. चार मध्य वर्षांचं काम १७ वर्षांत उरकलं, कारण एकेक भाग लावत बसण्यापेक्षा कितीतरी हुशार रीती दरम्यान निघाल्या होत्या. पुढे त्याहूनही सरस रीत वापरून २०२० साली २५० अंकी संख्या फोडली गेली. एकाच कॉम्प्युटर-गाभ्यावर ते काम केलं असतं तर २,७०० वर्षं लागली असती. ६१७ अंकांपर्यंत अजून कुणी पोचलेलं नाही.

याच संदर्भात आपल्याकडची एक अभिमानाची गोष्ट. दिलेली संख्या मूळ आहे की नाही, हे झटपट आणि खात्रीने सांगणारी रीत २००२ च्या ऑगस्टमध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी जगाला दिली. पुष्कळांना वाटलं, आता कुलपं उघडणार. तसं झालं नाही. संख्या मूळ नाही हे कळणं वेगळं आणि तिचे अवयव सापडणं वेगळं. डबा रिकामा नाही हे हलवून कळतं. आत लाडू आहे की चकली, त्यासाठी झाकण उघडावंच लागतं.

झाकण उघडलेलं नाही, गणित शाबूत आहे. मग माझ्या आधारवर प्रश्नचिन्ह का?

हे समजायला दादरच्या फुलबाजारात जाऊ. पहाटे चारला स्टेशनच्या बाहेर झेंडूचे ढीग ओतलेले असतात. पावकिलो घेतला, कोड स्कॅन केला, पेटीतून बाईंचा आवाज आला, पैसे पोचले. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात यूपीआयचे २,००१ कोटी व्यवहार झाले. सेकंदाला साधारण ७,४७० पडतात. या यंत्रणेचा कारभार बघणारी एनपीसीआय मुंबईचीच. पैसे हलण्याआधी कुठेतरी, पडद्याआड, फोन पलीकडच्या कॉम्प्युटरला विचारतो की तू खरंच तो आहेस का. पलीकडून एक छोटी फाइल येते. तीत नाव असतं, तो भलामोठा गुणाकार किंवा त्याच्याच जातीची दुसरी किल्ली असते, कधीपासून कधीपर्यंत चालेल ती मुदत असते आणि ‘मी याला ओळखतो’ म्हणणाऱ्या तिसऱ्या कुणाची सही असते. हे डिजिटल प्रमाणपत्र. आकाराने ते दीड-दोन किलोबाइटचं, म्हणजे रोज सकाळी मामांकडून येणाऱ्या ‘शुभ प्रभात’च्या गुलाबापेक्षा कितीतरी हलकं. त्यावरची सही तपासायला फोनला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही.

पण सही करणारा तिसरा कोण, हा प्रश्न उरतोच. त्याच्या प्रमाणपत्रावर चौथ्याची सही असते. आणि चौथ्याच्या?

परळ-लालबागच्या गिरण्यांत हाच कारभार माणसांच्या भाषेत चालायचा. कोकणातून किंवा घाटावरून आलेला पोरगा गावकीच्या खोलीत वळकटी टाकायचा. खोलीतला कुणी गाववाला त्याला जॉबरकडे न्यायचा आणि जॉबर त्याला खात्याच्या मास्तरपुढे उभा करायचा. मास्तर पोराला ओळखत नसे, जॉबरला ओळखे. जॉबरही पोराला ओळखत नसे, पण गाववाल्याला ओळखे. साखळीच्या टोकाला मास्तर होता आणि त्याला ‘तुझी ओळख कोण देणार’ असं गिरणीत कुणी विचारत नसे. इंटरनेटवरच्या साखळीतही असे मास्तर आहेत. त्यांना रूट म्हणतात. त्यांच्या प्रमाणपत्रावर त्यांचीच सही असते. मी खरा आहे, कारण मी म्हणतो. हे चालतं, कारण त्यांची नावं तुमच्या फोनमध्ये आधीपासून लिहिलेली आहेत. तीच ती यादी.

अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंग्जमध्ये सुरक्षेच्या पानावर जरा खोलात जा. विश्वसनीय क्रेडेन्शियलची यादी सापडेल. सव्वाशे-दीडशे नावं आहेत. मी एका रविवारी चहा गार होईपर्यंत वाचली. स्पेनची सरकारी टांकसाळ आहे, हाँगकाँगचं पोस्ट खातं आहे, तैवानची टेलिफोन कंपनी आहे, ग्रीसच्या विद्यापीठांची संस्था आहे, बंगळुरूच्या ईमुद्रा कंपनीचं ‘एमसाइन’ आहे. यांपैकी कुणीही जगातल्या कुठल्याही संकेतस्थळाला ओळख देऊ शकतो. स्पेनच्या टांकसाळीने म्हटलं की अमुक कॉम्प्युटर ठाकूरद्वारच्या सहकारी बँकेचा आहे, तर गिरगावातला फोन मान डोलावणार. ही नावं तुम्ही निवडली नाहीत. फोन आणि ब्राउझर बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांनी निवडली.

आणि यादीतल्या रूटनी पुढे ज्यांना सहीचे अधिकार दिले ते पोट-जॉबर वेगळेच. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ईएफएफ या संस्थेने इंटरनेट पिंजून त्यांची मोजणी केली तेव्हा ब्राउझर ज्यांच्या शब्दावर विश्वास ठेवतील अशा सुमारे ६५० संस्था निघाल्या. ६५० दारं, आणि चोराला त्यांतलं कुठलंही एक पुरेसं.

२०११ च्या जुलैत चोराने नेदरलँड्सचं दार निवडलं. डिजिनोटार ही तिथल्या सरकारचीही प्रमाणपत्रं देणारी कंपनी. आत शिरलेल्याने ५०० हून अधिक खोटी प्रमाणपत्रं छापून घेतली. त्यांत एक गूगलच्या नावाचं होतं. ते इराणमध्ये वापरलं गेलं आणि जवळपास ३ लाख लोकांच्या फोन-कॉम्प्युटरनी ते खरं मानलं. कुणाला पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं नाही. ऑगस्टअखेरीपासून ब्राउझरवाल्यांनी डिजिनोटारचं नाव यादीतून खोडायला घेतलं आणि सप्टेंबर संपायच्या आत कंपनी दिवाळखोर झाली. या सगळ्यात एकाही ६१७ अंकी संख्येला कुणी हात लावला नव्हता.

त्याआधीची एक चोरी मात्र जातिवंत गणिताची होती, आणि तिची मला, खरं सांगतो, मजा वाटते. प्रमाणपत्रावर सही करण्याआधी त्यातला मजकूर वितळवून त्याचा एक छोटा ठसा काढतात आणि सही त्या ठशावर होते. २००८ साली काही संशोधकांनी लोझानच्या प्रयोगशाळेत २०० प्लेस्टेशन, हो, पोरांचे व्हिडिओ गेम, एकाला एक जोडले आणि जुन्या पद्धतीच्या ठशात दोन वेगळे मजकूर एकाच ठशाचे बनवून दाखवले. एक साधं प्रमाणपत्र विकत घेतलं, आणि त्याची सही उचलून दुसऱ्यावर चिकटवली. हे दुसरं प्रमाणपत्र जगाला प्रमाणपत्रं वाटण्याचा अधिकार देणारं होतं. यासाठी त्यांना आपल्या प्रमाणपत्राचा अनुक्रमांक आधी ओळखावा लागला. तो ओळखता आला, कारण ती कंपनी क्रमांक ओळीने द्यायची, बँकेतल्या टोकनसारखे. गर्दी कमी असताना नंबर लावला आणि अंदाज बरोबर आला.

तेव्हापासून ठसा बदलला. नवा ठसा ७८ अंकी पल्ल्यातला असतो. शिवाय नियम आला की अनुक्रमांक ओळीने द्यायचा नाही. त्यात निदान ६४ बिट निव्वळ नशिबाचे हवेत. ६४ हा आकडा आपल्याला चांगला माहीत आहे. बुद्धिबळाच्या पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, आणि राजाचं कोठार रिकामं. सगळ्या पटावरचे दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. ६४ बिटांत मावणाऱ्या संख्या याहून फक्त एकाने जास्त. म्हणजे प्रत्येक प्रमाणपत्राने त्या तांदळाच्या डोंगरातून डोळे मिटून एक दाणा उचलायचा.

२०१९ च्या मार्चमध्ये लक्षात आलं की काही नामांकित कंपन्या, त्यांत अ‍ॅपल, गूगल आणि गोडॅडीसुद्धा, वापरत असलेलं सॉफ्टवेअर दाणे उचलतं ६३ घरांतूनच. संख्या धन की ऋण हे दाखवण्यात एक बिट खर्ची पडत होता. एका घराने काय बिघडतं? पटाचं शेवटचं घर गेलं की निम्मा डोंगर जातो. उरतात ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०८ संख्या. तेवढ्यातूनही नेमकी एक ओळखणं कुणाच्या बापाला जमणार नव्हतं, हे सगळ्यांना मान्य होतं. तरी नियम ६४ चा होता, म्हणून काही लाख प्रमाणपत्रं बाद करण्याची पाळी आली. काहींना हा सोवळेपणा वाटला. मला तो आवडला. ज्या धंद्यात विकायला फक्त शब्द आहे, तिथे मोजून ६४ म्हटलं की ६४ हवेत.

सोवळं नेहमी पाळता येतं असं मात्र नाही. फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेला २०२० मध्ये आपल्या तपासणीतली एक चूक सापडली. नियमाप्रमाणे ३०,४८,२८९ प्रमाणपत्रं रद्द करायला हवी होती आणि हातात दिवस होते मोजके. जेवढी बदलून झाली तेवढी रद्द केली. उरलेली दहा लाखांवर प्रमाणपत्रं तशीच ठेवली, कारण ती तोडली असती तर तेवढी संकेतस्थळं अचानक लंगडी झाली असती. ही संस्था पहिलं प्रमाणपत्र सप्टेंबर २०१५ मध्ये देते, १०० कोटींचा टप्पा फेब्रुवारी २०२० मध्ये गाठते आणि २०२५ च्या सप्टेंबरात एका दिवसात १ कोटीहून जास्त प्रमाणपत्रं देते. म्हणजे मुंबईकरांना माणशी एक वाटायला सव्वा दिवस पुरेल.

आता घरची गोष्ट. माझ्या आधारवरच्या सहीची साखळी जिथे संपते तो मास्तर आहे भारत सरकारचा प्रमाणन प्राधिकरण नियंत्रक. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० ला लागू झाला आणि त्याच्यामागोमाग हे पद आलं. चार्टर्ड अकाउंटंटच्या किल्ल्यांच्या जुडग्याला लटकणारं डिजिटल सहीचं, म्हणजे डीएससीचं टोकन, टेंडरवरच्या सह्या, सातबारावरची डिजिटल सही, सगळ्यांच्या साखळ्या इथे येऊन मिळतात. देशात त्याचा शब्द कायद्याने पक्का आहे. पण पीडीएफ वाचणारं सॉफ्टवेअर परदेशी, त्याच्या यादीत हा मास्तर नसला की खऱ्या सहीवरही प्रश्नचिन्ह येतं. कायदा दिल्लीचा, यादी परक्याची. त्या झेरॉक्सच्या दुकानात दोघांची भेट झाली नव्हती, एवढंच.

याच मास्तरच्या खात्यात २०१४ च्या जूनअखेर गडबड झाली. नियंत्रकाच्या हाताखाली प्रमाणपत्रं देणाऱ्या एनआयसी या सरकारी संस्थेतून गूगलच्या नावाची प्रमाणपत्रं बाहेर पडली, आणि ती गूगलने मागितलेली नव्हती. गूगलला २ जुलैला सुगावा लागला. नियंत्रकाने दुसऱ्या दिवशी एनआयसीचे सहीचे अधिकार रद्द केले आणि नंतर कळवलं की खोटी प्रमाणपत्रं चारच होती. तीन गूगलच्या नावांची, एक याहूचं. गूगलचं उत्तर आलं की या चारांपलीकडची आम्हाला माहीत आहेत, तेव्हा भगदाड केवढं ते सांगता येत नाही. विंडोजच्या यादीत भारताचा रूट होता, त्यामुळे जगभरचे बहुसंख्य कॉम्प्युटर या चारांवर विश्वास ठेवायला तयार बसले होते. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र, तिच्यात हा रूट नव्हता, म्हणून ते वाचलं.

मग क्रोम ब्राउझरने जे केलं ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. भारताचं नाव यादीतून पुरतं न खोडता त्याला कुंपण घातलं. यापुढे भारताच्या मास्तरने दिलेली ओळख क्रोममध्ये चालेल ती फक्त सात नावांपुरती. सरकारी कार्यालयांचं एक, एनआयसीचं एक, विद्यापीठांचं एक, गुजरातच्या एका प्रमाणपत्र कंपनीचं एक. उरलेली तीन? रिझर्व्ह बँक, बँक ऑफ इंडिया आणि टीसीएस. तिन्ही मुंबईच्या. रिझर्व्ह बँक फोर्टात मिंट रोडला. बँक ऑफ इंडिया १९०६ साली याच शहरात निघालेली. टीसीएस १९६८ साली. या तिघांचा गुन्हा काहीच नव्हता. उलट त्यांच्या ग्राहकांना त्रास नको म्हणूनच त्यांची नावं कुंपणाच्या आत ठेवली. पण सव्वाशे कोटींच्या देशाचा इंटरनेटवरचा शब्द सात नावांवर आला होता, आणि ते ठरवलं कॅलिफोर्नियातल्या काही इंजिनिअरांनी, सही-शिक्क्याच्या कुठल्याही कागदाशिवाय. मला याचा राग येतो का? येतो. त्यांचं चुकलं का? तसं म्हणवत नाही.

गिरण्यांतला जॉबरही असाच माजला होता. ओळख द्यायची दस्तुरी घ्यायचा. कामावर कोण लागणार हे त्याच्या खिशावर ठरायचं. त्याचा हात आखडावा म्हणून १९३५ साली मिलमालक संघाने बदली कामगारांसाठी कार्डं आणली. कार्ड महिन्याच्या सुरुवातीला निवडक लोकांना मिळायचं आणि कार्डवाल्याने रोज सकाळी फाटकाशी हजर राहायचं. कायमच्या ओळखीऐवजी तोकड्या मुदतीची ओळख.

इंटरनेटनेही तोच रस्ता धरला आहे. २०१५ च्या आधी एक प्रमाणपत्र पाच-पाच वर्षं चाले. मग मुदत कमी होत २०२० मध्ये ३९८ दिवसांवर आली. एप्रिल २०२५ मध्ये ब्राउझरवाले आणि प्रमाणपत्रवाले यांनी मिळून मतदानाने पुढचं वेळापत्रक ठरवलं: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७. शिवाय २०१८ पासून क्रोमचा आग्रह आहे की नवं प्रमाणपत्र दिलं की ते सार्वजनिक वहीत नोंदवा. नोंद नसेल तर आम्ही ते मानणार नाही. त्या वह्यांतल्या नोंदी अब्जावधींत आहेत आणि कुणीही उघडून बघू शकतो. आपल्या नावावर परस्पर कुणी ओळखपत्र काढलं का, हे आता बँकेला तिथे दिसतं. जॉबरच्या दस्तुरीची अशी वही कुणी ठेवली असती तर गिरणगावाचा इतिहास थोडा वेगळा झाला असता, असं उगाच वाटून गेलं.

एक गोष्ट मात्र या सगळ्या अंकांच्या पलीकडे राहते. प्रमाणपत्र नावाची खात्री देतं, हेतूची नाही. जॉबर सांगायचा की पोरगा अमक्या गावचा; तो चोरी करणार नाही हे त्याने कधी सांगितलं नाही. बँकेच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे करून कुणी संकेतस्थळ काढलं तर त्या बनावट नावाचं अस्सल प्रमाणपत्र त्याला दोन मिनिटांत फुकट मिळतं, आणि पत्त्यापुढे कुलूपही दिसतं. म्हणून तर मिंट रोडवरून फर्मान निघालं की ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटीखाली आणावीत. ही शेपटी बँकेखेरीज कुणाला मिळत नाही, आणि वाटायचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे आहे. ६५० दारांच्या जागी एक दार. तेव्हा पुढच्या वेळी बँकेचं पान उघडाल तेव्हा कुलपाकडे न बघता नावाचा शेवट वाचा.

दुकानात परत येतो. प्रश्नचिन्हावर टिचकी मारली तर सहीचा तपशील उघडतो. साखळीतली नावं एकाखाली एक दिसतात आणि सर्वांत वर नियंत्रकाचा रूट. तिथे विचारतात, यावर विश्वास ठेवायचा का? ठेवण्याआधी त्या रूटची ओळखखूण, अंक आणि अक्षरांची एक लांबलचक माळ, सरकारने जाहीर केलेल्या माळेशी जुळवून बघायची असते. अक्षरन् अक्षर. शहाण्या माणसाने तेच करावं.

माळ बघून मुलगा म्हणाला, ‘काका, एवढं वाचणार?’ मागे सहा जण उभे होते, आणि त्यांतल्या एकाची पावणेदहाची लोकल होती. मी होकाराचं बटण दाबलं. प्रश्नचिन्ह गेलं, हिरवी टिक आली. रंगीत प्रिंटचे वीस रुपये झाले.